नोंदवहीबाहेरची धूळ

१५ सप्टेंबर १९४४ रोजी, दुपार कलत असताना, दक्षिण चीन समुद्रात गस्त घालणाऱ्या 'पॅम्पॅनिटो' या अमेरिकी पाणबुडीवरच्या टेहळ्यांना फळकुटांना धरून तरंगणारी माणसे दिसली. ती जपानी असावीत असे समजून खलाशी बंदुका घेऊन डेकवर आले, पण जवळ गेल्यावर तेलाने काळ्या पडलेल्या त्या माणसांच्या तोंडून इंग्रजी हाका ऐकू आल्या. सिंगापूरहून जपानकडे निघालेल्या जहाजांच्या एका तांड्यावर तीन दिवसांपूर्वी याच पाणबुडीने आणि 'सीलायन' या तिच्या जोडीदार पाणबुडीने हल्ला केला होता. 'सीलायन'ने 'राकुयो मारू' बुडवली होती आणि 'पॅम्पॅनिटो'ने 'काचिदोकी मारू'. या दोन जहाजांत मिळून दोन हजारांहून अधिक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी कोंबलेले होते, ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कामावर राबवून उरलेले, आणि हल्ला करणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. सुमारे ऐंशी खलाशांसाठी बांधलेल्या त्या पाणबुडीत त्या दिवशी ७३ माणसे उचलून घेतली गेली. सायपान बेटावर पोचण्याआधी त्यांतला एक दगावला. बाकीचे जिवंत किनाऱ्याला लागले. इतर पाणबुड्यांनी वाचवलेले धरून एकूण १५९ कैदी समुद्रातून बाहेर काढले गेले.

हे सारे आज इतक्या तपशिलाने सांगता येते, कारण ते लिहून ठेवलेले आहे. प्रत्येक गस्तीनंतर कप्तानाला अहवाल द्यावा लागे. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने, किती अंतरावरून, किती खोलीवर लावलेला टॉर्पेडो सोडला आणि तो लागला की चुकला, हे सर्व त्यात येई. युद्ध संपल्यावरही अमेरिकेने तेवढ्यावर समाधान मानले नाही. कप्तानांनी सांगितलेले आकडे खरे किती हे तपासण्यासाठी भूदल आणि नौदल यांची संयुक्त समिती नेमलेली होती. तिने जपानी कागदपत्रांशी ताळा घालून प्रत्येक बुडालेल्या जहाजाचे श्रेय कोणाचे हे ठरवले आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. 'पॅम्पॅनिटो'च्या नावावर सहा गस्ती, सहा बुडवलेली जहाजे आणि सहा युद्धतारे आहेत. त्या युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे साडेतीन हजार माणसे गेली, त्यांचीही नावे पाणबुडीनिहाय कोरलेली सापडतात. युद्धाचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या त्या राष्ट्राविषयी मला आदर वाटतो, आणि म्हणूनच त्या हिशेबात जे लिहिले गेले नाही त्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. त्या पाणबुड्या बांधताना, दुरुस्त करताना आणि चालवताना ज्यांच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची धूळ गेली, त्यांची मोजणी त्या काळी कोणीही ठेवली नाही. माझे म्हणणे असे की युद्धनौकेचा सेवा-इतिहास या नोंदीवाचून अपुरा आहे, आणि ही उणीव इतिहासकारांपेक्षा कायद्याने दूर करायला हवी, आपल्याही देशात.

'पॅम्पॅनिटो' बांधली गेली ती पोर्ट्समाउथ येथील नौदलाच्या सरकारी गोदीत. मेन राज्यातल्या किटरी गावाशेजारी, पिस्कॅटाक्वा नदीतल्या बेटावर ही गोदी आहे. १५ मार्च १९४३ रोजी तिचा तळ घातला गेला, १२ जुलैला ती पाण्यात उतरली आणि ६ नोव्हेंबरला नौदलात दाखल झाली. आठ महिन्यांच्या आत ९५ मीटर लांबीची, दहा टॉर्पेडो-नळ्यांची आणि चारशे फूट खोल जाऊ शकणारी पाणबुडी तयार करणे हा त्या काळचा खरोखरच मोठा पराक्रम होता. पुढच्या वर्षी, २७ जानेवारी १९४४ रोजी, याच गोदीने एका दिवसात चार पाणबुड्या पाण्यात सोडल्या आणि त्या एका वर्षात ३२ पुऱ्या केल्या. युद्धाच्या ऐन भरात तिथे वीस हजारांहून अधिक माणसे काम करत होती. त्यांत शेतातून आलेले होते, कापडगिरण्यांतून आलेले होते, आणि पहिल्यांदाच कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या स्त्रियाही होत्या. पाळ्यांमध्ये काम अहोरात्र चाले.

पाणबुडीच्या आत काम कसे चालत असेल याची कल्पना जहाजाच्या बोळातून कधी वाकून गेलेल्या माणसालाच येईल. पोलादी नळकांड्याच्या पोटात एकाच वेळी वेल्डर, फिटर, वायरमन आणि लॅगिंगवाले खांद्याला खांदा लावून काम करत. लॅगिंग म्हणजे गरम नळांभोवती उष्णता अडवणारे वेष्टन चढवणे. त्यासाठी ॲस्बेस्टॉसचे अर्धगोल ठोकळे करवतीने मापात कापायचे, नळाभोवती बसवायचे, सांध्यांत ॲस्बेस्टॉसचा लगदा थापायचा आणि वरून ॲस्बेस्टॉसचेच कापड शिवायचे, अशी रीत होती. नौदलाच्या लॅगिंगमध्ये दक्षिण आफ्रिकेतून येणारा अमोसाइट हा प्रकार फार वापरला जाई, कारण तो वजनाला हलका होता, आणि जहाजावर वजनाचा हिशेब कायम ठेवावा लागतो. याखेरीज व्हॉल्व्हच्या गॅसकेट, पंपांचे पॅकिंग, विजेच्या फलकांतले निरोधक पत्रे आणि काही तारांवरचे आवरण यांतही ते असे. ठोकळा कापणारा एक असला तरी श्वास घेणारे सगळे असत. वायरमनच्या हातात ॲस्बेस्टॉसचा तुकडाही आलेला नसे, तरी त्याच्या छातीत ते उतरे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीत वाफेचे बॉयलर नसत, त्यामुळे विनाशिकेपेक्षा किंवा विमानवाहू नौकेपेक्षा तिच्यातले लॅगिंग कमी होते. मात्र प्रमाण कमी असले तरी जागाही तितकीच कमी होती. युद्धकाळातल्या पाणबुड्या शत्रूच्या टापूत दिवसभर पाण्याखाली राहत आणि रात्री वर येत. त्या बारा-चौदा तासांत आतली हवा आतल्या आतच फिरत असे. गळका व्हॉल्व्ह उघडून जुनी गॅसकेट खरवडायची आणि नवी कापून बसवायची हे समुद्रावरचे नेहमीचे काम होते, आणि ते दार बंद करून दुसरीकडे जाऊन करण्याची सोय नव्हती. डेप्थ चार्जचे, म्हणजे पाणबुडीवर टाकलेल्या पाण्याखालच्या बॉम्बचे, स्फोट जवळ झाले की आतल्या भिंतींवरचा बुचाचा थर सुटून खोलीभर धूळ उडे, अशी वर्णने खलाशांनी केलेली आहेत. त्या धुळीत आणखी काय मिसळले आहे हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातो, शरीरातल्या भक्षक पेशींना तो गिळून पचवता येत नाही, आणि तिथे वर्षानुवर्षे दाह होत राहून ऊतींवर वण पडत जातात. फुफ्फुस ताठ होऊन धाप लागू लागते तो ॲस्बेस्टॉसिस. फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुफ्फुसावरणाचा कर्करोग हे त्याहून भयंकर आहेत. मेसोथेलिओमा दिसू लागतो तो संपर्कानंतर वीस, तीस, कधी पन्नास वर्षांनी. म्हणजे १९४३ साली विशीत असलेला लॅगिंगवाला १९७८ मध्ये, निवृत्तीचे बेत करत असताना, छातीत पाणी झाले म्हणून डॉक्टरकडे जातो. तोवर गोदीतला त्याचा मुकादम हयात नसतो, हजेरीपट निकालात निघालेले असतात आणि त्याने कोणत्या पाणबुडीच्या कोणत्या कप्प्यात किती दिवस काम केले हे सांगणारा कागद कुठेही नसतो.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की तेव्हा कोणाला ठाऊक होते? हे उत्तर खरे नाही, आणि ते किती खोटे आहे हे तारखांनिशी दाखवता येते. ब्रिटनमध्ये मेरेवेदर आणि प्राइस या दोघांनी १९३० मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या ३६३ कामगारांना तपासून अहवाल दिला होता. त्यांतल्या चौथाई कामगारांना ॲस्बेस्टॉसिस झालेला होता. वीस वर्षांहून अधिक काम केलेल्यांत तर पाचांपैकी चौघांना तो होता. या अहवालावरून ब्रिटनने १९३१ मध्ये धुळीविरुद्ध नियमही केले. अमेरिकेत ॲस्बेस्टॉसच्या दोन मोठ्या कंपन्यांचे अधिकारी १९३५ मध्ये एकमेकांना पत्रे लिहून या विषयाची जितकी कमी वाच्यता होईल तितके आपल्या हिताचे, असे ठरवत होते. ती पत्रे चार दशकांनी न्यायालयांत पुरावा म्हणून उघड झाली.

नौदलालाही ठाऊक होते. मार्च १९४१ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधी, नौदलाच्या वैद्यकीय विभागातले कमांडर स्टीफन्सन यांनी नौदलाचे मुख्य शल्यचिकित्सक रॉस मॅकिंटायर यांना एक टिपण पाठवले. गोद्यांत ॲस्बेस्टॉसचे बरेच काम चालू आहे आणि माणसांचे जसे रक्षण व्हायला हवे तसे आपण करत नाही याची मला खात्री आहे, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे लिहिले. त्याच टिपणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. सार्वजनिक आरोग्य सेवेच्या तपासनिसांना गोद्यांत येऊ द्यावे काय हा प्रश्न निघाला होता, आणि त्यामुळे कामगारांत खळबळ उडेल, तेव्हा ते धोरण बरे नव्हे, असे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे मत असल्याचे मॅकिंटायर यांच्या हवाल्याने त्यात नमूद आहे. दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, नौदल आणि सागरी आयोग यांनी कंत्राटी गोद्यांसाठी सुरक्षिततेचे किमान नियम प्रसिद्ध केले. ॲस्बेस्टॉस कापणे, हाताळणे ही धोक्याची कामे म्हणून त्यांत नोंदलेली होती आणि ती वेगळ्या जागी करावीत, हवा खेचून घेणारी यंत्रे लावावीत, मुखपट्ट्या द्याव्यात, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करावी, असे उपायही सांगितलेले होते. 'पॅम्पॅनिटो' बांधली जात होती तेच हे वर्ष. धोका कोणता आणि त्यावर इलाज काय, दोन्ही कागदावर होते. गोद्यांत मात्र त्यातले फार थोडे उतरले.

मग १९४६ च्या जानेवारीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याने केलेले नुकसान मला अज्ञानापेक्षाही मोठे वाटते. फ्लायशर, ड्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नौदलाची जहाजे बांधणाऱ्या चार गोद्यांमधल्या १,०७४ लॅगिंगवाल्यांची छातीची क्ष-किरण तपासणी केली. त्यांना ॲस्बेस्टॉसिसचे रुग्ण सापडले अवघे तीन. लॅगिंगचे काम तुलनेने सुरक्षित आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढची वीस वर्षे तो गोद्यांमध्ये ढालीसारखा वापरला गेला. पण त्याच निबंधात हेही लिहिलेले होते की तपासलेल्यांपैकी ९५ टक्के कामगारांना या कामावर दहा वर्षेदेखील झालेली नव्हती, आणि सापडलेले तिन्ही रुग्ण वीस वर्षांहून अधिक काळ या कामावर असलेले होते. जो आजार उमलायला दशके लागतात तो युद्धात भरती झालेल्या नव्या माणसांत शोधला आणि दिसला नाही म्हणून नाही असे ठरवले. काळाबरोबर धोका कसा वाढतो हे मेरेवेदर यांच्या अहवालाने सोळा वर्षांपूर्वी दाखवून दिलेले होते. पेरणीनंतर आठ दिवसांनी शेतात जाऊन कणीस आले नाही म्हणणाऱ्याला आपण शेतीतज्ज्ञ म्हणणार नाही.

त्या निष्कर्षाला उत्तर मिळाले ते न्यू जर्सीतल्या पॅटर्सन या गावातून. नौदलाच्या जहाजांसाठी अमोसाइटचे लॅगिंग तयार करणारा एक कारखाना तिथे १९४१ मध्ये सुरू झाला आणि युद्धकाळात त्यात नऊशेंहून अधिक पुरुष कामाला लागले. त्यांतले बरेच जण काही महिन्यांत, काही तर महिनाभरातच सोडून गेले. डॉ. आयर्विंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसांची यादी हाती धरून पुढची अनेक दशके त्यांचा माग काढला. थोडकेच दिवस काम केलेल्यांमध्येही फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. हा अभ्यास शक्य झाला तो कारखान्याची नोकरभरतीची यादी शिल्लक होती म्हणून. कोण, केव्हापासून केव्हापर्यंत, एवढ्या तीन गोष्टी लिहिलेल्या एका साध्या यादीने जे दाखवले ते १,०७४ क्ष-किरण चित्रांनी दाखवले नाही.

घरच्या माणसांचाही यात उल्लेख यायला हवा. लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास तपासून न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी १९६५ मध्ये दाखवले की ज्यांनी कारखान्यात कधीच काम केले नाही, पण ज्यांच्या घरात ॲस्बेस्टॉसचा कामगार होता, अशा लोकांनाही हा रोग झाला होता. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणे एवढेच त्यांतल्या कित्येकींचे काम होते. या बायकांचे नाव कोणत्याही गोदीच्या हजेरीपटावर असण्याचा प्रश्नच नव्हता.

युद्धाची निकड हा आक्षेप मला अज्ञानाच्या सबबीपेक्षा अधिक वजनदार वाटतो, आणि तो मी झटकून टाकणार नाही. जहाजावर आग ही टॉर्पेडोइतकीच जीवघेणी असते, आणि ॲस्बेस्टॉसने आगीपासून कितीतरी खलाशांचे प्राण वाचवले असतील. १९४२ च्या अमेरिकेने ॲस्बेस्टॉसवाचून आरमार बांधायला हवे होते, असे मी म्हणत नाही. पण ठोकळे पाणबुडीच्या पोटात न कापता बाहेर वेगळ्या छपराखाली कापणे, लगदा ओला ठेवणे, मुखपट्टी देणे, कामगारांची नावे आणि कामाचे दिवस लिहिणे यांमुळे 'पॅम्पॅनिटो' आठवडाभर उशिरा पाण्यात उतरली असती असे समजायला कोणताही आधार नाही. शिवाय निकडीची सबब ऑगस्ट १९४५ ला संपते. 'पॅम्पॅनिटो' त्याच वर्षी १५ डिसेंबरला मेअर आयलंड येथे सेवेतून उतरली, आणि तिच्या पिढीतल्या अनेक पाणबुड्या पुढची वीस-पंचवीस वर्षे दुरुस्त होत, बदलत, पुन्हा लॅगिंग सोलून नवे चढवत चालू राहिल्या. जुने, सुकलेले लॅगिंग ओरबाडून काढणे हे नवे बसवण्यापेक्षा धुळीचे काम. ते सारे शांततेच्या काळात झाले, आणि त्याला युद्धाची सावली लावता येत नाही.

नुकसानभरपाईच्या कायद्यात या न लिहिलेल्या नोंदींची किंमत उघडी पडते. १९५० च्या फेरेस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला आपल्या सरकारवर दावा लावता येणार नाही. सरकारी गोदीतले मुलकी कामगारही सरकारवर दावा करू शकत नाहीत. त्यांच्यासाठी संघराज्याच्या कर्मचाऱ्यांचा भरपाई कायदा आहे, आणि त्यात संपर्क कधी, कुठे झाला ते दाखवावे लागते. उरले माल पुरवणारे कारखानदार. १९७३ मध्ये बोरेल या लॅगिंगवाल्याच्या खटल्यात अपील न्यायालयाने कारखानदारांनी धोक्याची सूचना द्यायला हवी होती असा निर्णय दिला आणि खटल्यांची रीघ लागली. २०१९ मध्येदेखील सर्वोच्च न्यायालय दोन नौसैनिकांच्या विधवांचा प्रश्न सोडवत होते. पंप, ब्लोअर, टर्बाइन बनवणाऱ्या कंपन्या म्हणत होत्या की आम्ही तर नुसते लोखंड दिले, ॲस्बेस्टॉस नौदलाने नंतर गुंडाळले. ज्या यंत्राला ॲस्बेस्टॉस लावणे गरजेचे होते त्याच्या कर्त्याने सावध करायला हवे होते, असा कौल सहा विरुद्ध तीन मतांनी लागला. निकाल न्याय्य आहे. पण तो येईपर्यंत ते दोघेही नौसैनिक हयात नव्हते. गोळी लागलेल्या सैनिकाला ती कोणत्या बंदुकीतून आली हे सिद्ध करावे लागत नाही. धूळ लागलेल्याला मात्र चाळीस वर्षांमागचा पंप, त्याचा कर्ता आणि त्यावरच्या वेष्टनाचा पुरवठादार हे सगळे आठवून सांगावे लागते, तेही धाप लागलेली असताना.

'पॅम्पॅनिटो' १९८२ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स व्हार्फवर संग्रहालय म्हणून उभी आहे आणि १९८६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. अशा जुन्या नौका पाहायला जाणाऱ्यांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही. रंगाच्या थराखाली शाबूत असलेले ॲस्बेस्टॉस जागचे हलवले नाही तर तासाभरासाठी येणाऱ्याला त्याचा धोका नगण्य असतो. धोका असतो तो जुन्या नौका राखणाऱ्यांना, म्हणजे गंजलेला नळ बदलणाऱ्या, मोटार पुन्हा चालू करून दाखवणाऱ्या आणि बहुधा स्वयंसेवक म्हणून रविवारी येणाऱ्या माणसांना. नौकेतल्या कोणत्या नळावर काय आहे याचा नकाशा त्यांच्या हाती असला पाहिजे आणि तो प्रेक्षकांनाही दिसला पाहिजे. बुडवलेल्या जहाजांच्या चिन्हांशेजारी बांधणाऱ्यांच्या फुफ्फुसांची गोष्ट लावल्याने पाणबुडीचा मान कमी होत नाही. उलट ती कोणी, कशाच्या मोलाने उभी केली हे पाहणाऱ्याला समजते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही. १९७१ च्या युद्धात सेवा केलेली 'कुरसुरा' ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि तिथे जाणाऱ्यांत मराठी पर्यटक पुष्कळ असतात. त्या पिढीत जवळजवळ सर्वच देश आपल्या जहाजांत ॲस्बेस्टॉस वापरत होते. त्याच युद्धातली आपली 'विक्रांत', जिचे बांधकाम दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सुरू झाले होते, तिला संग्रहालय करण्यासाठी लोकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. ते झाले नाही आणि २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना या जहाजे तोडण्याच्या भागात ती तोडली गेली. एका प्रिय नौकेच्या जाण्याचे दुःख मुंबईने जाहीरपणे केले, आणि ते योग्यच होते. तिचे पोट कापणाऱ्या माणसांच्या श्वासाविषयी मात्र त्या दिवसांत चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

ती व्हायला हवी होती, कारण आठच वर्षांपूर्वी फ्रान्सच्या 'क्लेमेन्सो' या विमानवाहू नौकेवरून याच प्रश्नावर मोठा वाद झाला होता. गुजरातेतल्या अलंगला तोडण्यासाठी ती २००५ च्या अखेरीस तूलाँहून निघाली, तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून भारतात आणि फ्रान्समध्ये न्यायालयीन लढाई झाली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये अध्यक्ष शिराक यांनी तिला वाटेतून परत बोलावले. ही युद्धसामग्री आहे, कचरा नव्हे, असा फ्रेंच सरकारचा युक्तिवाद होता. तो फ्रान्समध्ये टिकला नाही. आपल्या कायद्यात तो आजही वेगळ्या रूपात टिकून आहे. २०१९ च्या जहाज पुनर्वापर कायद्याने जहाजातल्या घातक पदार्थांची सूची ठेवणे बंधनकारक केले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण युद्धनौका आणि नौदलाची साहाय्यक जहाजे यांना त्या कायद्यातून वगळलेले आहे. जून २०२५ मध्ये अमलात आलेल्या हाँगकाँग करारातही तीच सवलत आहे. ज्या प्रकारच्या जहाजांत अग्निरोधक वेष्टने सर्वांत दाट बसवली गेली त्यांनाच सूचीतून मोकळे ठेवण्याचे समर्थन मला सापडत नाही. गुप्ततेचे कारण सांगितले जाईल. सेवेतल्या पाणबुडीबाबत ते मी मान्य करतो. पण निवृत्त होऊन भंगारात निघालेल्या नौकेच्या कोणत्या नळावर कसले लॅगिंग आहे, यात शत्रूच्या उपयोगाचे काही नाही. नौदल सोडताना प्रत्येक नौकेबरोबर तिच्या घातक पदार्थांची पूर्ण सूची खरेदीदाराला आणि तोडणाऱ्या कामगारांना त्यांच्या भाषेत मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी वगळण्याचे हे कलम निवृत्त नौकांपुरते तरी रद्द झाले पाहिजे.

सूचीइतकीच माणसांची नोंदही महत्त्वाची आहे, आणि तिचा नमुना आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांत जे नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश दिला. या आजाराचा स्वभाव ओळखून घातलेली ही मुदत आहे. १९४६ च्या त्या चार गोद्यांनी एवढे केले असते तर कितीतरी खटल्यांची गरजच पडली नसती. हा आदेश आपल्या सरकारी गोद्यांना, नौदलाच्या दुरुस्ती-कार्यशाळांना आणि जहाज तोडणाऱ्या प्रत्येक प्लॉटला कायद्याने लागू करावा, अशी माझी मागणी आहे. माझगाव आणि कुलाब्याच्या गोद्यांत कोकणातल्या अनेक घरांच्या दोन-दोन पिढ्यांनी काम केले आहे. त्यांच्या निवृत्तीच्या कागदांसोबत त्यांनी कोणत्या नौकेवर, कोणत्या कामावर, किती काळ घालवला याचा एक उतारा त्यांच्या हाती असायला हवा, म्हणजे साठीनंतर धाप लागली तर डॉक्टरला विडीच्या पलीकडचा प्रश्न विचारता येईल.

त्या आदेशाप्रमाणे १९९५ साली विसाव्या वर्षी कामाला लागलेल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०३३ मध्ये, निवृत्त होणाऱ्या कामगाराची नोंद २०४८ पर्यंत ठेवावी लागेल. दारूखान्यात मुकादमाच्या हाताखाली रोजंदारीवर प्लेट कापणाऱ्याला मात्र कामावर रुजू झाल्याची तारीख नसते आणि निवृत्तीचीही नसते. त्याच्या बाबतीत ही मुदत मोजायला सुरुवात करण्यासाठी आधी त्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे लागेल.